भट्टीतून काढलेली काच महिन्याभराने का तडकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की घरगुती कलाकुसरीच्या पानांवर काचेच्या थाळ्या, वाट्या आणि दिवे करण्याच्या कृती येऊ लागतात. शेजारी ‘दोन तासांत फ्यूज्ड ग्लास शिका’ (म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत वितळवून एकजीव करायला शिका) अशा कार्यशाळांच्या जाहिराती असतात. काच कशी कापावी, रंगीत तुकडे कसे मांडावेत, भट्टी किती तापवावी हे सारे या कृतींत दिलेले असते. पण शेवटी ‘मग थंड होऊ द्यावे’ एवढ्यावर त्या आटोपतात. हे काम बहुतेक वेळा बिघडते ते नेमके तिथेच. म्हणून पहिली विनंती अशी, की अशी कृती छापताना काच कोणती, तिची जाडी किती आणि ती किती अंशांवर किती वेळ धरून कोणत्या वेगाने निववायची, म्हणजे सावकाश थंड करायची, हे तीन तपशील तरी छापावेत. ते नसतील तर वाचकाचे पैसे आणि वीज दोन्ही वाया जाणार.

दुसरी गोष्ट एका गैरसमजाची, की या कामाला परदेशी काचच लागते. अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीने पुढे या कामासाठी परस्परांशी जुळणाऱ्या रंगीत काचा घडवल्या आणि जगभरच्या स्टुडिओंना त्यांची सवय लागली, हे खरे. त्या काचा उत्तमच आहेत. पण आयात मालावर सगळा भरवसा ठेवला की काय होते, ते २०१६ मध्ये दिसले. ‘९६’ क्रमांकाची काच (या क्रमांकाचा अर्थ पुढे येतो) बनवणारी स्पेक्ट्रम कंपनी बंद झाली, आणि ओशनसाइड या दुसऱ्या कंपनीने ती मालिका पुढे चालवायला घेईपर्यंत त्या काचेवर काम करणाऱ्यांना साठा पुरवून वापरावा लागला. शिकण्यासाठी आपल्याकडच्या कोणत्याही काचवाल्याकडे मिळणारी ३ ते ६ मिमी जाडीची साधी खिडकीची काच, म्हणजे फ्लोट ग्लास, पुरेशी चांगली आहे. तिचे स्वभाव मात्र ओळखायला हवेत.

फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात. ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. कथलाला टेकलेल्या बाजूत कथलाचा सूक्ष्म अंश उरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण काच पुन्हा तापवून वाकवली की त्या बाजूवर, विशेषतः ती आकसली जाते तिथे, निळसर-पांढरा धुरकटपणा येतो आणि तो पुसून जात नाही. वाटीच्या आतली बाजू आकसते, बाहेरची ताणली जाते. म्हणून साच्यावर ठेवताना कथलाची बाजू खाली ठेवावी. ती ओळखायला शॉर्ट-वेव्ह अल्ट्राव्हायोलेट दिवा लागतो. अंधाऱ्या खोलीत तिरका प्रकाश टाकला की कथलाची बाजू दुधट चमकते. नोटा तपासण्याचे स्वस्त दिवे लाँग-वेव्हचे असतात, त्यांवर हे दिसत नाही. शॉर्ट-वेव्ह दिव्याकडे थेट पाहू नये, डोळ्यांना इजा होते. एकदा बाजू कळली की मार्करने कोपऱ्यावर खूण करावी आणि धुण्याआधी तुकड्यांची रास तशीच लावावी.

टफन्ड काच कापताच येत नाही, लॅमिनेटेड काचेतला प्लास्टिकचा थर जळतो, आणि उष्णतारोधक लेप असलेल्या काचेचा लेप भट्टीत करपतो. भंगारातून काच आणणाऱ्यांनी एवढे तीन प्रकार आधी बाजूला काढावेत.

आता रंगाचा प्रश्न. आपल्याकडच्या कार्यशाळांत एक गोष्ट सर्रास चालते: पारदर्शक खिडकीच्या काचेवर फुटक्या बांगड्यांचे तुकडे मांडायचे आणि वितळवायचे. दिसते सुंदर. पण ती बांगडी कोणत्या मिश्रणाची आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दारूच्या किंवा सॉसच्या बाटल्यांचेही तेच. दोन वेगळ्या बाटल्यांच्या काचा एकत्र वितळवू नयेत. एकच बाटली सपाट करायची असेल तर हरकत नाही. फ्लोट काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर ती किती वाढते त्याचे माप, साधारण ८३ ते ८७ च्या आसपास असतो, बुल्सआयचा ९०, स्पेक्ट्रमचा ९६ आणि प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेटचा ३३. हे आकडे एक कोटीच्या भागांत, दर अंशाला, असे वाचायचे. ८३ आणि ९० मधला फरक ३० सेमी लांबीवर आणि ५०० अंशांच्या घसरणीत जेमतेम ०.१ मिमी भरतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. पण थंड काच ताणली जात नाही. हा दशांश मिलिमीटर कायमचा ताण होऊन दोन काचांच्या जोडावर बसून राहतो. शिवाय प्रसरणांक जुळला म्हणजे काचा जुळल्या असेही नाही, कारण तो साधारण ३०० अंशांपर्यंतच मोजतात आणि खरी गडबड त्याच्या वर, काच घट्ट होण्याच्या टप्प्यात होते. त्यामुळे डब्यावरच्या क्रमांकावर विसंबण्यापेक्षा चाचणी घ्यावी.

चाचणी अशी. मूळ काचेची ५ सेमी रुंद आणि २० ते २५ सेमी लांब पट्टी घ्यावी. तिच्यावर तपासायच्या प्रत्येक काचेचा सेंटिमीटरभर तुकडा अंतरा-अंतराने ठेवावा आणि एका टोकाला त्याच मूळ काचेचाही एक तुकडा ठेवावा. पूर्ण वितळवून नीट निववावे. मग लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडून पट्टी त्यासमोर धरावी आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून पाहावे. गॉगल फिरवत पडदा काळा होईल तिथे थांबावे. ज्या तुकड्याभोवती उजेडाचे कडे दिसेल तो मूळ काचेशी जुळत नाही. मूळ काचेच्या तुकड्याभोवतीही कडे दिसले, तर दोष निववण्यात आहे. ते सुधारून चाचणी पुन्हा घ्यावी. अपारदर्शक तुकड्याच्या आतले काही दिसत नाही, त्याच्या कडेलगतची पारदर्शक काच पाहावी. एवढी चाचणी करायची तयारी नसेल, तर सगळे तुकडे एकाच मोठ्या काचेतून कापावेत, आणि रंगासाठी फ्लोटसाठीच बनवलेली भुकटी किंवा इनॅमल, म्हणजे भाजून पक्का होणारा काचरंग, वापरावे. दोन थरांमध्ये तांब्याची पातळ जाळी किंवा तार ठेवली तर तांबडा ते हिरवट-निळा असा सुरेख रंग येतो. तार जाड घेऊ नये, नाहीतर तिच्याभोवती तडे जातात.

काच धुण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. कटरचे रॉकेल आणि बोटांचे ठसे भांड्याच्या साबणाने घालवावेत आणि शेवटचे पाणी आरओचे घ्यावे. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार काचेवर वाळले की तेवढ्या ठिकाणी काच स्फटिक धरू लागते. वर्तमानपत्राने काच पुसायची आपल्या घरोघरची रीत खिडकीला चालते. भट्टीत जाणारी काच पुसायला, संपादक महाशय क्षमा करतील, पण धागे न सुटणारे सुती फडकेच बरे. काच पांढुरकी पडून तिच्यावर दुधाच्या सायीसारखा सुरकुतलेला थर येतो, तो या स्फटिकांचाच. फ्लोट काचेत ही खोड मोठी आहे. ७०० अंशांच्या वरच्या टप्प्यात, चढताना किंवा उतरताना, ती जितकी रेंगाळेल तितकी साय जाड. सोनारांकडचा टाकणखार यावर उपयोगी पडतो. एक चमचा टाकणखार २०० मिली गरम पाण्यात विरघळवून, साबणाचा एक थेंब घालून, वरच्या पृष्ठभागावर पातळ फवारावा आणि पूर्ण वाळू द्यावा. ज्या भांड्यात खायचे आहे त्यावर मात्र हा उपाय करू नये.

जाडीचा एक नियम पाठ असावा. पूर्ण वितळलेली काच स्वतःच्या पृष्ठताणामुळे साधारण ६ मिमी जाडीवर स्थिरावू पाहते. ३ मिमीचा एकच थर वितळवला तर तो आत आकसतो आणि कडांना सुईसारखी टोके येतात. तीन थर दिले तर काच बाहेर पसरते आणि तिला बांध घालावे लागतात. ३ मिमीचे दोन थर आपला आकार राखतात, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी.

२० ते २५ सेमी व्यासाच्या, ३ मिमीच्या दोन थरांच्या ताटलीसाठी फ्लोट काचेला हे वेळापत्रक चालते. सुरुवातीपासून ६०० अंशांपर्यंत ताशी १५० अंश. तिथून ६८० पर्यंत ताशी ६० आणि ६८० वर अर्धा तास थांबावे. वरची काच हळूहळू खाली बसून थरांमधली हवा कडेने निघून जावी, यासाठी हा मुक्काम. तो टाळला की मधोमध मोठा बुडबुडा फुगतो आणि कधी फुटून भोक पडते. त्यानंतर ताशी ३०० अंशांनी ८२० पर्यंत आणि तिथे १० मिनिटे. मग भट्टीला मुक्तपणे ५५० पर्यंत उतरू द्यावे. ५५० वर एक तास धरावे. तिथून ४३० पर्यंत ताशी ६०, ४३० ते ३०० ताशी १२०, आणि मग भट्टी बंद करून आतले तापमान ५० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. हिशोब केला तर ३०० पर्यंत यायलाच ११ ते १२ तास जातात आणि पुढे आणखी काही तास. म्हणजे सकाळच्या कार्यशाळेची ताटली संध्याकाळी हातात मिळत असेल, तर तिचे निववणे अर्धवट राहिले आहे असे खुशाल समजावे.

८२० हा आकडा प्रत्येक भट्टीत थोडा सरकतो. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर, हवेचे तापमान सांगतो, काचेचे नाही. पहिल्या दोन-तीन वेळा निरीक्षण-भोकातून पाहून, कडा गोल झाल्या की किती अंश दाखवत होते हे लिहून ठेवावे. कडा गोल होऊन तुकडे एकमेकांना चिकटावेत पण उठून दिसावेत असे हवे असेल, तर ७६० ते ७९० च्या दरम्यान थांबावे. कुंभारकामाच्या भट्टीत विजेच्या तारा बाजूच्या भिंतींत असतात, त्यामुळे कडा आधी तापतात आणि मध्य मागे राहतो. अशा भट्टीत वरच्या वेगाच्या निम्म्याने तापवावे आणि काच तारांपासून लांब ठेवावी. जाड विटांची भट्टी ८२० वरून सावकाश उतरते, तेव्हा साय धरण्याची भीती वाढते. त्या वेळी वरचे भोक उघडावे, झाकण नको.

५५० वर तासभर कशासाठी? त्या तापमानाला फ्लोट काच घट्ट दिसते, पण तिच्यातले कण अजून जागा बदलू शकतात आणि आतला ताण काही मिनिटांत विरतो. साधारण ५१० ते ५२० च्या खाली ही सोय संपते. काच भरभर थंड केली तर बाहेरचा थर आधी ताठरतो. आतला भाग नंतर आकसू पाहतो आणि बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कोंडली जाते. मग ती ताटली उद्या तडकेल, पुढच्या उन्हाळ्यात तडकेल किंवा कपाटात असताना आवाज करून दुभंगेल. तासभराचा मुक्काम आतबाहेरचे तापमान सारखे करतो. त्यानंतर सावकाश उतरताना काचेच्या दोन भागांतला फरक ५ अंशांच्या आत ठेवायचा असतो.

जाडी वाढली की मुक्काम सरळ प्रमाणात वाढतो, पण उतरण्याचा वेळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बुल्सआयच्या तक्त्यात १२ मिमी जाडीला दोन तासांचा मुक्काम आणि नंतर ताशी ५५ अंश असा उतार आहे. २५ मिमीला चार तास आणि ताशी १५ अंश. ५० मिमीला आठ तास आणि ताशी ४ अंशांहूनही कमी. त्या काचेसाठी मुक्काम ४८२ अंशांवर असतो, फ्लोटसाठी ५५० वर. उताराचे गणित तेच. ज्यांना काचेचा जाड गणपती ओतायचा आहे, त्यांनी हे आकडे पाहून आधी विजेचा आणि भट्टी अडकून राहण्याचा हिशोब मांडावा. जाडी सगळीकडे सारखी नसेल, उदाहरणार्थ ताटलीवर उठावाची वेलबुट्टी चिकटवली असेल, तर सर्वांत जाड भागाच्या दुप्पट जाडी धरून वेळापत्रक निवडावे.

फुटलेला तुकडा फेकण्यापूर्वी वाचावा. तड्याची कड गोलावलेली असेल तर काच चढताना फुटली आणि पुढच्या उष्णतेने कड मऊ झाली. चढण्याचा वेग कमी करावा. कड धारदार असेल तर फुटणे उतरताना किंवा नंतरचे. एका कडेपासून दुसरीपर्यंत नागमोडी वळण घेत गेलेला तडा बहुधा निववण्याच्या चुकीचा असतो. रंगीत तुकड्याच्या कडेकडेने धावणारा तडा काचा न जुळल्याचा. आणि खालून, एका बिंदूपासून निघालेला तडा असेल तर काच भट्टीतल्या फळीला किंवा साच्याला चिकटली होती. चढताना फुटलेली किंवा निववण्याच्या चुकीने तडकलेली काच धुऊन, पुन्हा पूर्ण वितळवून वाचवता येते. न जुळलेल्या काचेला इलाज नाही.

वीज जाणे हा आपल्याकडचा खास प्रश्न. भट्टीचे तापमान सांभाळणारे अनेक स्वस्त कंट्रोलर वीज परतल्यावर कार्यक्रम पहिल्या पायरीपासून सुरू करतात. खरेदी करतानाच हे विचारावे. वीज गेली की झाकण उघडू नये. परतली तेव्हा तापमान ५५० च्या वर असेल, तर थेट ५५० च्या मुक्कामावर जावे. आधी पूर्ण वितळले नव्हते तर ते दुसऱ्या फेरीत करता येते. ५५० च्या खाली घसरले असेल आणि काच अखंड दिसत असेल, तर ताशी ५० ते ८० अंशांनी पुन्हा ५५० पर्यंत चढवून तासभर धरावे आणि नेहमीप्रमाणे उतरवावे. दुसरी नादुरुस्ती याच्या उलट: वीज चालू-बंद करणारा रिले चिकटतो आणि भट्टी तापतच राहते. त्यासाठी कंट्रोलरपासून स्वतंत्र असा कमाल तापमानाला वीज तोडणारा कंट्रोलर आणि काँटॅक्टर, म्हणजे मोठ्या प्रवाहाचा विजेवर चालणारा स्विच, बसवावा. ३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेते. तिला स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी आणि खरे अर्थिंग हवे. गरम भट्टी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

वाकवण्यासाठी साचा निवडताना एक गोष्ट विसरू नये. भाजलेली माती काचेपेक्षा कमी आकसते, स्टील जास्त आकसते. म्हणून मातीच्या साच्याच्या आत काच बसवावी आणि स्टीलच्या बाहेरून सोडावी. मातीच्या उभट साच्यावरून बाहेरून सोडलेली काच थंड होताना त्याला आवळते आणि फुटते. कुंभाराकडचे परळ छान साचे होतात, पण ते कमी तापमानाला भाजलेले असतात. आधी ९०० अंशांपर्यंत पुन्हा भाजून घ्यावेत आणि तळाला सर्वांत खोल ठिकाणी २ ते ३ मिमीचे भोक पाडावे, नाहीतर खालची हवा अडकून काच तळाला टेकत नाही. वितळवून एकजीव झालेली ६ मिमी काच या दुसऱ्या फेरीत ताशी १०० अंशांनीच चढवावी. ७०० ते ७२० च्या दरम्यान ती खाली बसते. निववणे पहिल्यासारखेच, पूर्ण.

फळीवर आणि साच्यावर चिकटरोधक लेप हवा: अॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समप्रमाणात, पाच पट पाण्यात. मऊ ब्रशने चार-पाच पातळ हात, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने, आणि २६० अंशांपर्यंत तापवून वाळवणे. पूर्ण वितळवण्याच्या एका फेरीनंतर फळीवरचा लेप खरवडून नवा द्यावा, कारण त्यातला चायना क्ले बदलतो आणि पुढच्या वेळी काचेला धरतो. साच्यावरचा लेप कमी तापमानामुळे अनेकदा चालतो. लेप खरवडताना पाण्याने ओला करावा. हीच काळजी प्लास्टर आणि सिलिका पावडर मिसळून ओतीव साचे करणाऱ्यांनी घ्यावी. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, किमान एन-९५ मास्क लागतो, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. सिरॅमिक फायबर ब्लँकेट कापतानाही तेच. काचेच्या कडा घासायच्या त्याही हिऱ्याच्या पॅडने, पाण्यात.

विक्री करणाऱ्यांसाठी शेवटचे. तांबड्या, केशरी आणि पिवळ्या काचरंगांत कॅडमियम, तर जुन्या किंवा स्वस्त इनॅमलमध्ये शिसे असू शकते. अशी ताटली खाण्यासाठी विकू नये. फराळाच्या ताटात रंग हवाच असेल तर प्रयोगशाळेत झिरप-चाचणी (धातू अन्नात उतरतात का याची) झालेला घ्यावा किंवा रंगकाम खालच्या बाजूला ठेवावे. उत्तम निववलेली काचही बोरोसिलिकेटसारखी उष्णतारोधक होत नाही. तिच्यात उकळती आमटी वाढू नये, फ्रिजमधून काढून लगेच गरम करू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. एवढे तीन नियम आणि काचेचा प्रकार वस्तूला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहायला जागा पुरते.

कळावे,
एक काच-कारागीर वाचक, पुणे